बंबखान्याचा इतिहास भंगारात जाण्याआधी



येत्या १४ एप्रिलला देशभरातल्या अग्निशमन केंद्रांत पुष्पचक्रे वाहिली जातील, शहीद जवानांना मानवंदना दिली जाईल आणि २० एप्रिलपर्यंत चालणारा अग्निशमन सेवा सप्ताह सुरू होईल. त्याआधी आपल्या सगळ्यांच्या हातून एक काम सुरू व्हायला हवे, म्हणून हे आवाहन. आगीशी लढण्यात ज्यांचे आयुष्य गेले त्या माणसांच्या आठवणी, त्यांच्या वस्तू, त्यांची कागदपत्रे आणि त्यांनी कमावलेले शहाणपण आपल्या डोळ्यांदेखत नाहीसे होत चालले आहे. हे सारे गोळा करायचे, जपायचे आणि आपण राहतो त्या वस्तीच्या कामी आणायचे आहे. त्यासाठी कुणाकडेही पैसे मागायचे नाहीत. मागणे आहे ते तुमच्या वेळाचे, आणि तोही आत्ताच.

घाई कशासाठी?

१४ एप्रिल ही तारीख मुंबईने देशाला दिली आहे. दुसरे महायुद्ध चालू असताना, १९४४ साली, इंग्लंडहून निघालेले ‘फोर्ट स्टिकिन’ हे मालवाहू जहाज कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईत आले आणि व्हिक्टोरिया डॉकमध्ये लागले. त्याच्या पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके होती, आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी होत्या. आतला माल घातक आहे हे सांगणारे लाल निशाण मात्र जहाजावर नव्हते. १४ तारखेला दुपारी दोनच्या सुमारास दुसऱ्या क्रमांकाच्या मालकोठारात आग असल्याचे लक्षात आले. अग्निशामक धावून आले. जहाजात ९०० टनांहून अधिक पाणी ओतले गेले, पण धुराच्या लोटात आगीचे मूळ काही सापडेना. आतले पाणी उकळू लागले. तीन वाजून पन्नास मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम निघाला आणि त्यानंतर सोळा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. त्यात जहाजाचे दोन तुकडे झाले. बारा किलोमीटरपर्यंतच्या काचा फुटल्या आणि सुमारे १,७०० किलोमीटरवरच्या सिमल्यात भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. मग दुसरा स्फोट झाला. गोदीलगतच्या वस्त्या पेटल्या. ही आग आटोक्यात यायला तीन दिवस लागले, आणि सुमारे पाच लाख टन राडारोडा उपसायला आठ हजार माणसांना सात महिने.

या आगीत शेकडो माणसे गेली. त्यांत ६६ अग्निशामक होते.

युद्धाच्या काळातल्या सेन्सॉरशिपमुळे ही बातमी सुरुवातीला दाबली गेली. सरकारने ती छापू दिली ती मे महिना उजाडल्यावर. त्यामुळे त्या दुपारी काय घडले हे आधी कळले ते घराघरांतून, चाळीच्या गॅलऱ्यांतून, आजी-आजोबांच्या तोंडून. त्या वेळी दहा वर्षांचा असलेला मुलगा आज नव्वदी ओलांडून गेला आहे. तो सांगू शकतो तोवर ऐकायला हवे. हेच घाईचे पहिले कारण.

दुसरे कारण असे की आपली आठवण भलतीकडेच वळते. त्या जहाजावर १२४ सोन्याच्या विटाही होत्या. त्या उडाल्या, कुठे कुठे सापडल्या, गाळात मिळाल्या, या कहाण्या मुंबईत अजून चवीने सांगितल्या जातात. पण त्याच जहाजाच्या दिशेने पाण्याचे पाइप ओढत गेलेल्या ६६ माणसांपैकी एकाचे तरी नाव आपल्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? ती कुठल्या गावची होती, त्यांच्या मागे कोण उरले, त्या मुलाबाळांचे पुढे काय झाले? मुंबई अग्निशमन दलाच्या भायखळ्याच्या मुख्यालयात दरवर्षी त्यांना मानवंदना दिली जाते. अग्निशमन दल आपल्या माणसांना विसरलेले नाही. शहराच्या बाकीच्या माणसांनी मात्र ही आठवण दलावरच सोपवून दिली आहे.

१४ एप्रिललाच बाबासाहेब आंबेडकरांची जयंती असते. महाराष्ट्र त्या दिवशी रस्त्यावर असतो, आणि त्याच गर्दीच्या काळजीपोटी कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यावर बंबही उभा असतो. वस्त्यांमधल्या मंडळांना विनंती आहे की आपल्या अभिवादनाच्या कार्यक्रमात त्या ६६ जणांचेही स्मरण करावे. गोदीतल्या आगीने गोदीच्या भोवतालची कष्टकऱ्यांची घरे होरपळली होती, आणि ती वाचवायला धावलेलेही कष्टकरीच होते.

हा वारसा केवळ मुंबईचा नाही

मुंबईच्या किल्ल्यातल्या वस्तीत १८०३च्या फेब्रुवारीत मोठी आग लागली आणि शहराचा बराच भाग जळाला. पुढे आग विझवण्याचे काम पोलिसांकडे आले, घोड्यांनी ओढायचे बंब आले, आणि १ एप्रिल १८८७ रोजी अग्निशमन दल स्वतंत्रपणे उभे राहिले. दलात मोटारीवरचा बंब आला तो १९०७ साली. एवढ्या जुन्या संस्थेच्या पोटात एका शहराचा अख्खा इतिहास असतो. कोणत्या वर्षी कुठली गिरणी पेटली, कुठली चाळ खचली, कोणत्या पावसात कुठे होड्या लागल्या, हे सारे केंद्रांवरच्या नोंदवह्यांत वर्दीगणिक लिहिलेले असते. शहराचा इतिहास लिहिणाऱ्याला याहून प्रामाणिक साधन क्वचितच मिळेल.

पण मुंबईबाहेरही कित्येक नगरपालिकांकडे बंबखाना असतो. पुण्याच्या दलात जवानांच्या तुकडीच्या म्होरक्याला तांडेल म्हणतात. नागपुरात तर देशभरातल्या अग्निशमन अधिकाऱ्यांना घडवणारे राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आहे. तिथल्या अभ्यासक्रमाला २००२ साली हर्षिनी कान्हेकर यांनी प्रवेश घेतला आणि त्या देशातल्या पहिल्या महिला अग्निशामक म्हणून ओळखल्या गेल्या. विदर्भातल्या किती शाळांच्या पुस्तकपेटीत त्यांची गोष्ट आहे? सोलापूर, कोल्हापूर, नाशिक, अमरावती, रत्नागिरी अशा प्रत्येक शहराच्या बंबखान्यात अशी माणसे होती आणि आहेत. गावच्या जत्रेतली आग, कापसाच्या जिनिंगमधली आग, महापुरात छपरावरून उतरवलेली कुटुंबे, विहिरीत पडलेली जनावरे, संक्रांतीला मांजात अडकलेले पक्षी. वर्दी कशाचीही असो, बंब निघतो.

२६ नोव्हेंबर २००८च्या रात्री मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला तेव्हा ताज हॉटेलच्या खिडक्यांना शिड्या लावून माणसे उतरवली गेली. खाली उभ्या असलेल्या त्या जवानांच्या हातात बंदूक नव्हती. त्या रात्रीवर पुस्तके झाली, चित्रपट झाले. त्या शिड्या ज्यांनी धरल्या त्यांची साक्ष सविस्तर आणि त्यांच्याच शब्दांत कुणी नोंदवली आहे का, हा प्रश्न आपण विचारायला हवा.

आणि मुंबईतलीच काळबादेवी. ९ मे २०१५ रोजी तिथल्या अरुंद गल्लीतल्या गोकुळ निवास या जुन्या, लाकडी बांधणीच्या इमारतीला आग लागली. ती विझवताना इमारतीचा भाग कोसळला. अधिकारी संजय राणे आणि महेंद्र देसाई यांचा तिथेच मृत्यू झाला. उपप्रमुख अग्निशमन अधिकारी सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांनी पुढच्या काही दिवसांत रुग्णालयात प्राण सोडले. दलाचा प्रमुखच आपल्या माणसांच्या बरोबरीने आगीच्या तोंडाशी उभा होता, यातच या सेवेची रीत काय आहे ते दिसते. ही चारही नावे प्रत्येक मराठी माणसाच्या तोंडी असायला हवीत.

आठवण जपणे आणि जीव वाचवणे हे एकच काम आहे

चिलीची राजधानी सांतियागो इथे ८ डिसेंबर १८६३ रोजी एका चर्चमध्ये आग लागली आणि सुमारे दोन हजार माणसे, बहुतेक स्त्रिया, जळून गेल्या. त्यानंतर बाराच दिवसांनी, २० डिसेंबरला, शहरातल्या नागरिकांनी स्वयंसेवी अग्निशामक दल स्थापन केले. ते आजही आहे आणि आजही स्वयंसेवकच ते चालवतात. एका आगीची आठवण त्या शहराने दीडशेहून अधिक वर्षे कामाला लावली आहे. ती आठवण पुसली गेली असती, तर दर पिढीत नव्याने स्वयंसेवक उभे राहिले असते का?

आपल्याकडे आग विझली की आठवणही विझते. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्र उलटताच मुंबईतल्या कमला मिलच्या आवारात लागलेल्या आगीत १४ माणसे गेली. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बालके गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरारला आणि नोव्हेंबरमध्ये अहमदनगरला करोनाचे रुग्ण अतिदक्षता विभागात असताना आग लागली. दर वेळी चौकशी होते, दर वेळी काही दिवस जिने मोकळे केले जातात, आणि पुन्हा त्या जिन्यांत जुनी कपाटे येऊन बसतात. आठवण राहिली असती तर ती कपाटे परत आली नसती.

म्हणूनच निवृत्त अग्निशामकांचे एखादे मंडळ जेव्हा शाळेत जाऊन मुलांना गोदीतल्या स्फोटाची गोष्ट सांगते आणि मग धुरात रांगत कसे बाहेर पडायचे ते करून दाखवते, तेव्हा गोष्ट आणि धडा यांत फरक राहत नाही. धूर वर चढतो, श्वास घेण्याजोगी हवा जमिनीलगत असते. हे मुलाला एकदा गोष्टीतून कळले की ते जन्मभर विसरत नाही.

आता काय करायचे?

*अग्निशामकांच्या कुटुंबीयांना.* तुमच्या माळ्यावर, ट्रंकेत किंवा देव्हाऱ्यामागच्या कपाटात आजोबांचे पितळी हेल्मेट असेल, बिल्ला, कमरेचा पट्टा, शिट्टी, पदक, नेमणुकीचा कागद, तुकडीचा फोटो असेल. घर बदलताना, रंगकाम काढताना, पुनर्विकासात जागा सोडताना या वस्तू भंगारवाल्याकडे जातात. कृपा करून त्या जाऊ देऊ नका. फोटोच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने नावे, ठिकाण आणि साधारण साल लिहा. शाईचे पेन वापरू नका. पितळ चिंचेने किंवा पावडरने घासून चकचकीत करू नका, कारण कोरलेले क्रमांक आणि अक्षरे त्याने झिजतात. कागद प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट न करता साध्या कागदी पाकिटात कोरड्या जागी ठेवा. प्रत्येक वस्तूचा आणि कागदाचा मोबाइलवर स्वच्छ उजेडात फोटो काढा आणि घरातल्या किमान दोघांकडे तो ठेवा. वस्तू कुणाला देऊन टाकायची गरज नाही. ती आहे, एवढी नोंद झाली तरी मोठे काम होईल.

*निवृत्त अग्निशामकांना.* काका, दादा, तुम्ही स्वतःहून बोलत नाही. तो कामाचा भाग होता, एवढे म्हणून विषय संपवता. पण आम्हाला ते ऐकायचे आहे. पहिली वर्दी कोणती होती? तेव्हा श्वसनयंत्र होते की ओला रुमाल? कुठल्या गल्लीत बंब शिरत नसे आणि मग काय करत होतात? कुठला सहकारी परत आला नाही? घरातल्या कुणाला तरी समोर बसवा आणि बोलणे ध्वनिमुद्रित होऊ द्या. आणि आपापल्या शहरात एकत्र या. महिन्यातून एकदा भेटा, जुन्या सहकाऱ्यांची यादी करा, कोण आजारी आहे, कुणाची पत्नी एकटी आहे, कुणाचे निवृत्तिवेतन अडले आहे, याची विचारपूस करा. अग्निशामकाच्या कामाने कर्करोग होऊ शकतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०२२ साली स्पष्ट केले आहे. धुरात घालवलेली वर्षे निवृत्तीनंतरही अंगात राहतात. म्हणून निवृत्तांची नियमित आरोग्य तपासणी हे अशा मंडळाचे पहिले सामाजिक काम असावे.

*केंद्राच्या आवारात वाढलेल्या लेकीसुनांना.* दलातली कित्येक कुटुंबे केंद्राच्या वरच्या किंवा मागच्या क्वार्टर्समध्ये राहत आली. घंटा वाजली की ताटावरून उठून जाणारा माणूस, त्याचे झाकून ठेवलेले ताट, गाड्या परत येईपर्यंत खिडकीत थांबलेल्या बायका, आवारातला गणपती, ड्रिल पाहून शिड्यांचे खेळ खेळणारी मुले. हा इतिहास कुठल्याच सरकारी वहीत नाही. तो तुम्हीच लिहू शकता. दोन पाने लिहा, पण लिहा.

*शाळा, महाविद्यालये आणि ग्रंथालयांना.* सेवा सप्ताहात एका निवृत्त अग्निशामकाला बोलवा. इतिहासाच्या शिक्षकांनी मुलांना आपल्या गावातल्या एका जुन्या आगीची माहिती गोळा करायला सांगावी: वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली, म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी, जागेचा नकाशा. मुलांनी लिहिलेले ते पान ग्रंथालयात लावा. सार्वजनिक ग्रंथालयांनी आपल्या शहराच्या अग्निशमन सेवेसाठी एक वेगळी फाइल उघडावी आणि येईल तो कागद तीत जपावा.

*गणेशोत्सव मंडळांना आणि गृहनिर्माण संस्थांना.* एखाद्या वर्षी देखाव्यासाठी काळबादेवीचे चार अधिकारी किंवा गोदीतले ६६ जवान हा विषय घ्या. मंडपाशेजारी अग्निशामक नळकांडे ठेवा आणि ते वापरता येणारे दोन कार्यकर्ते नेमा. महिला मंडळांनी हळदीकुंकवाच्या कार्यक्रमात अर्धा तास गॅस सिलिंडरच्या सुरक्षिततेला द्यावा. सोसायट्यांनी लक्षात ठेवावे की महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार आग प्रतिबंधक यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे ‘ब’ नमुन्यातील प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घेऊन द्यावे लागते. ते कागदावर उरकू नका. पंप सुरू करून पाहा, पाणी वरच्या मजल्यापर्यंत चढते का ते पाहा. जिना आणि गच्चीची वाट मोकळी ठेवा. बंब वळेल एवढी जागा गाड्यांनी अडवू नका.

*नगरपालिका, महानगरपालिका आणि शासनाला.* जुने बंब लिलावात काढण्यापूर्वी प्रत्येक प्रकारचा एक तरी राखून ठेवा. वर्दीच्या जुन्या नोंदवह्या रद्दीत घालू नका; त्यांचे स्कॅनिंग करून अभ्यासकांना त्या पाहू द्या. जुन्या केंद्रांच्या इमारतींची डागडुजी करताना त्यांचे मूळ रूप जपा, आणि जिथे नवी इमारत उभी राहत असेल तिथे एक खोली संग्रहालयासाठी ठेवा. कर्तव्यावर प्राण गेलेल्या प्रत्येक जवानाचे नाव, गाव आणि घटनेची तारीख त्या केंद्राच्या दर्शनी भिंतीवर, रस्त्यावरून जाणाऱ्याला वाचता येईल अशी कोरा. जखमी होऊन सेवेबाहेर गेलेल्यांचीही नोंद ठेवा, कारण त्यांची नावे कुठल्याच स्मारकावर येत नाहीत.

*आणि आपल्या सगळ्यांना.* मागून सायरन ऐकू आला की गाडी बाजूला घ्या. १०१ वर खोटी वर्दी देऊ नका, मुलांना तो खेळ करू देऊ नका. आग लागल्यावर व्हिडिओ काढत गल्ली अडवू नका. आपल्या जवळचे अग्निशमन केंद्र कुठे आहे हे आज शोधा आणि सेवा सप्ताहात मुलांना घेऊन तिथे जा. ड्रिल पाहा, विचारा, आभार माना.

एक स्पष्ट सूचना

या आवाहनाच्या नावाने कुणी वर्गणी मागितली, जुनी हेल्मेट किंवा पदके विकत घ्यायला कुणी दारात आले, तर त्यांना नम्रपणे परत पाठवा. हा वारसा बाजारात जाण्यासाठी गोळा करायचा नाही. तो ज्या घरात आहे त्या घराचा आणि ज्या केंद्राचा आहे त्या केंद्राचा राहील.

काम कुठून सुरू करायचे असा प्रश्न पडला तर ओळखीतल्या एका निवृत्त अग्निशामकाचे घर गाठा. सोबत वही आणि मोबाइल न्या. नाव, गाव, भरती झाल्याचे साल आणि पहिली वर्दी, एवढ्या चार गोष्टी लिहून घ्या, आणि बाकीचे ते सांगतील तसे ऐका. महाराष्ट्रातल्या प्रत्येक केंद्राच्या परिसरात पाच घरांनी जरी हे केले, तरी पुढच्या १४ एप्रिलपर्यंत या राज्याच्या अग्निशमन सेवेचा लोकांनी लिहिलेला पहिला इतिहास उभा राहू शकतो. हा इतिहास ज्यांच्याकडे आहे ती माणसे थकत चालली आहेत. या रविवारीच त्यांच्याकडे जा.